तिरकं, पोकळ, जुन्या वळणाचं देवनागरी अक्षर: शिरोरेषेतल्या नको त्या रेघांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. सत्तरच्या दशकातल्या जाहिरातींसारखं तिरकं, आतून पोकळ, फक्त कडेची रेघ असलेलं मराठी अक्षर हवंय. वापर मोठ्या आकारातच: दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, कार्यक्रमाचा फलक, पोस्टर. हाताशी असलेला एक ठसठशीत फॉन्ट सॉफ्टवेअरमधूनच तिरका केला, फिल (आतला भरीव रंग) काढली, स्ट्रोक (कडेची रेघ) दिला. आता प्रत्येक सांध्यावर शिरोरेषेत उभ्या रेघा दिसतात, मात्रांच्या मुळाशी चौकोन उमटतात आणि एकूण अक्षर जुनं न दिसता मोडकं दिसतं. फॉन्टच करायचा झाला तर कोन किती, रेघ किती जाड, सुरुवात कुठून?

आधी कारण. सत्तरच्या दशकातलं जे मराठी अक्षर डोळ्यांसमोर आहे, उदाहरणार्थ कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं, तो फॉन्ट नव्हताच. अख्खा शब्द हे एकच चित्र असायचं. शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग काढलेली, त्यामुळे सांधा नावाची गोष्टच तिथे नव्हती. फॉन्टमध्ये मात्र शब्द हा सुट्या तुकड्यांचा असतो, आणि प्रत्येक तुकडा शिरोरेषेचा आपापला भाग घेऊन येतो. भरीव अक्षरात हे तुकडे एकमेकांवर चढले तरी काळ्यावर काळं पडतं, कोणाला कळत नाही. पोकळ अक्षरात प्रत्येक तुकड्याला स्वतःची कड असते आणि ती दिसते. रोमन लिपीत अक्षरं सुटी असल्याने ही अडचण येत नाही. म्हणून आयटीसी बुकमनसारख्या (एड बेंगियाट, १९७५) शेपट्यावाल्या तिरक्या अक्षराची आउटलाइन आवृत्ती फोटोटाइपसेटिंगच्या, म्हणजे फिल्मवरून अक्षरजुळणी करण्याच्या, काळात सहज निघाली. देवनागरीत तीच कृती जशीच्या तशी चालत नाही. कड कुठे असावी हे अक्षराच्या नव्हे, शब्दाच्या पातळीवर ठरवावं लागतं. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

एखादंच शीर्षक हवं असेल तर फॉन्टच्या भानगडीत पडूच नका. इलस्ट्रेटरमध्ये मजकूर मजकूरच ठेवून अपिअरन्स पॅनेलमध्ये दोन फिल द्या: खाली काळी, वर पांढरी. पांढऱ्या फिलला ऑफसेट पाथचा इफेक्ट उणे आकड्याने लावा. १०० पॉइंटच्या अक्षराला उणे २.६ पॉइंट. मग पाथफाइंडरमधला ॲड हा इफेक्ट पॅनेलमध्ये सर्वांत वर ठेवा. आधी सगळे तुकडे एकजीव होतात, मग आत कड पडते. क्रम उलटा झाला तर सांधे परत दिसतात. कोरलमध्ये तेच काम असं: मजकूर कर्व्हमध्ये बदलायचा, तुकडे वेल्ड करायचे, मग काँटूर आतल्या बाजूला. नुसता स्ट्रोक देऊ नये याचं आणखी एक कारण आहे. स्ट्रोक निम्मा आत आणि निम्मा बाहेर जातो, आणि बाहेरचा निम्मा भाग ‘ध’, ‘छ’, ‘क्ष’ यांच्या आतल्या फटी बुजवतो.

फॉन्ट करायचा असेल तर खालचे आकडे धरून चला. एम, म्हणजे ज्या चौकोनात अक्षर काढतात तो, १००० एककांचा. शिरोरेषेची वरची कड ६५० वर, खालची ५४० वर, म्हणजे जाडी ११०. उभ्या दांड्याची जाडी १३०. कडेची रेघ २६. मग दांड्यातली पोकळी ७८ आणि शिरोरेषेतली ५८ उरते. दांड्यात रेघ, पोकळी, रेघ हे १ : ३ : १ असं पडतं, आणि या जातीच्या अक्षराला ते मानवतं. पोकळी रेघेच्या दुपटीखाली गेली की डोळा तिला पोकळी न म्हणता दोन समांतर रेघा म्हणतो. पाचपटीवर गेली की अक्षर तारेचं वाटायला लागतं.

आधी भरीव अक्षर काढायचं, मग तिरकं करायचं, तिरकेपणाने बिघडलेलं दुरुस्त करायचं, आणि सर्वांत शेवटी आतली कड पाडायची. बहुतेक लोक पोकळ अक्षर काढून मग तिरकं करतात. तिथेच रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते आणि मग ती कुठल्याही फिल्टरने सरळ होत नाही.

तिरकेपणाने नेमकं काय बिघडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. रोमनमधलं खरं इटॅलिक हे वेगळ्याच हाताचं अक्षर आहे. १५०१ मध्ये व्हेनिसला आल्डुस मानुतियुसने छापलेल्या पुस्तकांसाठी फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेलं. देवनागरीत अशी वेगळी परंपरा नाही. आपलं ‘इटॅलिक’ म्हणजे तिरकं केलेलं सरळ अक्षरच. शिवाय बोरूचा कापही आपल्या वाटेत आड येतो. रोमन लेखणीच्या कापाने डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेघा जाड येतात. देवनागरीचा काप उलटा, त्यामुळे आपल्याकडे उजवीकडे चढणाऱ्या रेघा जाड आणि उजवीकडे उतरणाऱ्या बारीक. अक्षर यांत्रिक रीतीने उजवीकडे झुकवलं की उजवीकडे चढणाऱ्या रेघा बारीक होतात आणि उतरणाऱ्या जाड. रोमनमध्ये हे लेखणीच्या वळणाला पूरक ठरतं. देवनागरीत ते नेमकं वळणाच्या विरुद्ध जातं.

आता आकड्यांत बघा. कोन १० अंश. ४५ अंशात चढणारी १३० जाडीची रेघ झुकवल्यावर सुमारे ११९ उरते. त्याच मापाची उतरणारी रेघ १४२ होते. भरीव अक्षरात हा फरक चालून जातो. पण आत २६-२६ च्या दोन रेघा गेल्या की पहिलीत पोकळी ६७ आणि दुसरीत ९०, म्हणजे एकतृतीयांशाने जास्त. पोकळ अक्षर झुकवण्याची चूक अशी वाढवून दाखवतं. ‘र’चा पाय, ‘ब’ आणि ‘ष’मधली आडवी तिरपी रेघ, हलन्ताचा पाय या उतरत्या रेघा फुगतात. ‘प्र’, ‘क्र’मधला रकाराचा तिरपा फटका सुकतो. ‘व’च्या पोटात उजवीकडचा वरचा आणि डावीकडचा खालचा भाग जाड होतो, बाकीचे दोन कोपरे बारीक. हे सगळं हाताने परत १२५ ते १३०च्या आसपास आणायचं. वेळ लागतो, पण याला दुसरा मार्ग नाही.

एक मात्रा आणि दोन मात्रा हे प्रकरण वेगळं आहे. त्या मुळातच डावीकडे कललेल्या असतात. उजवीकडे झुकवल्या की उभ्या राहतात आणि अक्षरावर काठी रोवल्यासारख्या दिसतात. म्हणून मात्रा झुकवूच नयेत. सरळ अक्षरातल्या मात्रेचं डावं झुकणं राखून नव्याने काढाव्यात आणि फक्त टोक थोडं उजवीकडे वळवावं. रफाराचं उलट आहे. तो उजवीकडे उघडणारा आकडा असल्याने झुकवल्यावर उलट जास्त डौलदार दिसतो.

कोन १० अंशांच्या वर नेऊ नका. रोमनमध्ये १२ सहज चालतं. देवनागरीत शिरोरेषेची लांब आडवी पट्टी शेजारी असल्याने कमी कोनही ठसठशीत जाणवतो, आणि १२ पासून मात्रांची पडझड सुरू होते. द्विभाषिक काम असेल तर रोमन १२ आणि देवनागरी १० हे शेजारी सारखंच तिरकं दिसतं. झुकवताना ज्या रेषेभोवती अक्षर झुकतं तो आस पायरेषेवर धरू नका. शिरोरेषेच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे ३२५ वर धरा. मग शिरोरेषेची वरची कड ५७ एकक उजवीकडे आणि पाय ५७ डावीकडे सरकतो, आणि दोन्ही बाजूंची जागा समतोल राहते. पायरेषेवर धरलं तर शिरोरेषेची कड ११५ एकक एकाच दिशेने जाते आणि प्रत्येक अक्षराची जागा नव्याने बसवावी लागते. अक्षराबरोबर मात्रांचे अँकरही (मात्रा, अनुस्वार जिथे बसतात ते बिंदू) झुकले आहेत ना, हे तपासा. ते जागेवरच राहिले तर सगळे अनुस्वार अक्षराच्या डाव्या खांद्यावर जाऊन बसतात.

आता सांधे. इथे तीन मार्ग आहेत आणि त्यातला एकच मनापासून सुचवावासा वाटतो: थरांचा. दोन फॉन्ट करायचे. एक बाहेरचा, पूर्ण भरीव. दुसरा आतला, सगळीकडून २६ एककांनी आत घेतलेला, तोही भरीवच. वापरताना खालच्या थरात बाहेरचा फॉन्ट काळ्या रंगात, वरच्या थरात आतला फॉन्ट पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगात. रेघ अशी कुठे काढलेलीच नसते. दोन थरांमधला फरक हीच रेघ. खालच्या थरातले तुकडे एकमेकांवर चढले तरी काळ्यावर काळं, वरच्या थरातले चढले तर पांढऱ्यावर पांढरं. सांधा दिसायला जागाच नाही.

याला एकच अट आहे, पण ती सगळीकडे पाळावी लागते. दोन तुकडे बाहेरच्या थरात जितके एकमेकांवर चढतील, त्यातून ५२ वजा होऊन उरेल तितकेच ते आतल्या थरात चढतात, कारण दोन्हीकडून २६ जातात. म्हणून बाहेरच्या थरात निदान ६२ एककांची चढ हवी, म्हणजे आत १० तरी उरते. शिरोरेषेसाठी सोपं आहे. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचं टोक दोन्ही बाजूंना अक्षराच्या मापाबाहेर ३६ एकक काढा. शेजारचं अक्षरही ३६ बाहेर आलेलं असतं, चढ ७२ होते, आणि आतल्या थरात २० उरते. शब्दाच्या शेवटी, जिथे शेजारी कोणीच नाही, तिथे बाहेरचं टोक आतल्याच्या २६ पुढे असतं. म्हणजे शब्दाचं टोक आपोआप बंद होतं. त्यासाठी एकही ओळ कोड लिहावा लागत नाही.

मात्रांच्या मुळाशी मात्र हटकून चूक होते. बाहेरच्या थरातल्या एका मात्रेचा पाय शिरोरेषेत ५० एकक रोवला आहे असं धरा, म्हणजे पाय ६०० वर. दिसायला भक्कम. आत घेतल्यावर तो पाय ६२६ वर येतो, आणि आतल्या शिरोरेषेची वरची कड असते ६२४ वर. मधे २ एककांची काळी केसरेघ राहते. पडद्यावर ती दिसत नाही, पोस्टरवर दिसते. पाय ५६० पर्यंत न्या. आतला ५८६ वर येईल आणि आतल्या शिरोरेषेत ३८ रुतेल. उकाराचं, रफाराचं, हलन्ताचं हेच. दांड्याच्या पायाशी लागणारा उकार ६२ एकक दांड्यात घुसलाच पाहिजे.

शिरोरेषा ३६ बाहेर काढल्याने दोन गोष्टी दुखावतात. शब्दांमधली जागा दोन्हीकडून मिळून ७२ने कमी होते, ती स्पेसच्या मापात परत घाला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांची डावीकडची शिरोरेषा तुटलेली असते, आणि त्या तुटीवरच ‘ध’ हा ‘घ’पासून आणि ‘भ’ हा ‘म’पासून वेगळा वाचला जातो. मागच्या अक्षराची शिरोरेषा ३६ एकक पुढे आली की ती तूट खाते. पोकळ अक्षरात तर तुटीच्या दोन्ही कडांना आणखी रेघा असतात, त्यामुळे ती बुजल्यासारखी दिसते. या तीन अक्षरांच्या डाव्या बाजूला नेहमीपेक्षा ३६ ते ४० एकक जास्त जागा द्या आणि ‘आधार’, ‘अभंग’, ‘कथा’ हे शब्द लांबून वाचून बघा. आधारचा आघार वाचला गेला तर जागा अजून कमी आहे.

दोन्ही फॉन्टची अक्षररुंदी, कर्निंग (अक्षरांच्या जोडीगणिक कमी-जास्त केलेली जागा) आणि उंचीची मापं तंतोतंत एक हवीत. आतलं अक्षर बारीक आहे म्हणून त्याची रुंदी कमी करण्याचा मोह होतो. केली तर पाचव्या अक्षरापर्यंत थर सरकलेले दिसतील. ग्लिफ्स या फॉन्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट कर्व्ह हे कड आत-बाहेर सरकवणारं फिल्टर निर्यातीच्या वेळीच लावता येतं, म्हणजे एकाच फाइलमधून दोन्ही फॉन्ट निघतात आणि रुंदी आपोआप सारखी राहते. फॉन्टफोर्ज या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या फॉन्टची प्रत काढून कड आत घ्यावी लागते आणि रुंदी पुन्हा पडताळावी लागते. कड आत घेण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यातल्या आतल्या चढी काढून टाका, नाहीतर एकाच अक्षराच्या आतही सांधे राहतात. आणि कड आत घेतल्यावर नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, बघा: टोकदार कोपऱ्यात छोटे पिळे पडतात, वळणावर नको तितके नोड वाढतात. पिळे राहिले तर तेवढा ठिपका उलटा भरला जातो.

कोपरे गोल ठेवणार असाल, आणि सत्तरच्या वळणाला ते शोभतात, तर बाहेरच्या गोलाईची त्रिज्या २६ पेक्षा बरीच मोठी हवी. बाहेर ४० ठेवली तर आत १४ उरते आणि रेघ वळणावर एकसारखी जाते. बाहेर २० ठेवली तर आतला कोपरा टोकदार होतो. बाहेरून मऊ आणि आतून धारदार अशी विजोड रेघ दिसते.

दुसरा मार्ग एकाच फॉन्टचा. कोणाला दोन थर लावायचा कंटाळा असतो, किंवा गिऱ्हाईक टाइप करून लगेच बघणारं असतं. मग प्रत्येक अक्षराची शिरोरेषा दोन समांतर रेघांची उघडी नळी ठेवावी लागते आणि शब्दाच्या टोकाला ती बंद करावी लागते. इथे मूळ रूप बंद टोकांचं ठेवा आणि शेजारी अक्षर असेल तरच त्या बाजूचं टोक उघडणारं रूप घाला. उलट केलं तर ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी नियमाला धरायला शेजारीच सापडत नाही आणि टोकं उघडी राहतात. हा नियम कॉन्टेक्स्चुअल अल्टरनेट्समध्ये, म्हणजे शेजार बघून अक्षराचं रूप बदलणाऱ्या फॉन्टच्या फीचरमध्ये, लिहा. देवनागरीसाठी असलेली बाकीची फीचर एकेका अक्षरगटापुरती चालवली जातात, त्यांना शेजारचा गट दिसत नाही. प्रत्येक अक्षराची चार रूपं होतात: दोन्ही बंद, डावं उघडं, उजवं उघडं, दोन्ही उघडी. शिवाय मात्रा अँकरवर बसवून भागत नाही. ‘के’, ‘की’, ‘र्के’ अशी प्रत्येक जोडी एकजीव काढावी लागते. काम कित्येक पटींनी वाढतं.

तिसरा मार्ग रंगीत फॉन्टचा. ऐकायला सोयीचा वाटतो: एकाच फॉन्टमध्ये काळा आणि पांढरा असे दोन थर. पण रंगीत फॉन्ट अक्षरागणिक रंगवला जातो. पहिल्या अक्षराचे दोन्ही थर, मग दुसऱ्याचे दोन्ही थर. म्हणजे दुसऱ्या अक्षराचं काळं टोक पहिल्याच्या पांढऱ्या शिरोरेषेवर येऊन बसतं, आणि ज्यासाठी एवढं केलं तोच सांधा परत हजर. वेबवर थर हवे असतील तर तोच मजकूर सीएसएसमधून एकावर एक दोनदा ठेवा, दोन वेगळ्या फॉन्टमध्ये. टेक्स्ट-स्ट्रोकवर भागवायचं असेल तर पेंट-ऑर्डरमध्ये (रंगवण्याच्या क्रमात) स्ट्रोक आधी आणि फिल नंतर ठेवा, आणि फिलला पार्श्वभूमीचाच रंग द्या. फिल पारदर्शक ठेवली की सांधे उघडे पडतात.

आता अक्षरांमधली जागा. ‘गाणी’ हा शब्द ७२ पॉइंटला लावून समोर धरा. ‘ग’चा दांडा, त्याला लागून काना, मग ‘ण’चा दांडा, मग दीर्घ वेलांटीचा. निदान चार उभे दांडे, म्हणजे आठ उभ्या रेघा, सगळ्या एकाच कोनात. दांड्यातली पोकळी ७८ आहे. ‘ग’चा दांडा आणि काना यांच्यातली जागाही ७५-८० असेल तर डोळ्याला कुठला पांढरा पट्टा अक्षराच्या आतला आणि कुठला बाहेरचा हे कळत नाही, खिडकीचे गज दिसतात. बाहेरची जागा आतल्या पोकळीच्या दीडपट, म्हणजे सुमारे १२०, ठेवली की दांडे परत दांडे होतात. भरीव ठळक अक्षरात अशी जागा विरळ वाटली असती. आतल्या थराला हलका रंग भरला तर ही अडचण निम्म्याने कमी होते, म्हणून पांढऱ्या पोकळीपेक्षा रंग भरलेली पोकळी नेहमी जास्त वाचनीय असते. जुन्या पोस्टरवाल्यांनी पिवळा-केशरी भरायची चाल उगाच पाडली नव्हती.

जोडाक्षरांत नियम एकच: रेघ कायम २६, तडजोड पोकळीशी करायची. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ तीन मजली आहे आणि १३० च्या दांड्यात तो बसणं शक्य नाही. तिथे जाडी ९५ पर्यंत उतरवा, पोकळी ४३ उरते, चालतं. रेघ १८ केली तर तेवढंच अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून आणल्यासारखं दिसतं. ‘म’ आणि ‘भ’ यांच्या गाठीत वेगळं भोक ठेवू नका. गाठ भरीव गोळा धरून तिच्या आत एकच पोकळी पाडा. कुठल्याही टोकाला अक्षराची जाडी ९० पेक्षा कमी होऊ देऊ नका, कारण ५२ वजा झाले की आत फारसं काही उरत नाही आणि टोक भरीव दिसायला लागतं. ऱ्हस्व वेलांटीची कमान निदान पाच-सहा रुंदींत हवी; पोकळ अक्षरात कमान दांड्याच्या १५ एकक अलीकडे थांबली तरी चूक लगेच दिसते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मूळ रूप म्हणूनच ठेवा, भाषेच्या सेटिंगवर सोडू नका, कारण पोस्टर करणारा ते सेटिंग लावत नाही. आणि ‘सुऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा ‘र’ विसरू नका; त्याची बारीक कमानही ९० जाडीची करावी लागते.

नव्याने काढायचं नसेल तर मोकळ्या परवान्याचा फॉन्ट पाया म्हणून घेता येतो. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या बालू २ चं मधलं ठळक वजन या कामाला बरं पडतं, टोकं आधीच गोल आहेत. त्यांचाच मोदक मात्र नको. त्यात अक्षरातल्या फटी मुद्दामच केसाएवढ्या ठेवलेल्या आहेत. आत कड पाडली की प्रत्येक फटीभोवती दुहेरी रेघ येते आणि अक्षर वाचता येत नाही. ओपन फॉन्ट लायसन्सखालचा फॉन्ट बदलून वाटायचा तर तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि मूळ नाव राखीव असेल तर नाव बदलावं लागतं.

सजावट थोडक्यात. सावली द्यायची तर ती खाली उजवीकडे द्या. १० अंश झुकलेल्या दांड्याला ५० एकक लांबीची सावली खाली उजवीकडे टाकली तर ४१ एकक रुंद दिसते, खाली डावीकडे टाकली तर जेमतेम २९. सावली हा तिसरा थर, सर्वांत खाली, तोही भरीव. शेपट्या काढायला ‘र’, ‘ह’, ‘ळ’ यांचे पाय आणि दीर्घ वेलांटीचं टोक उत्तम. पण त्या वेगळ्या स्टायलिस्टिक सेटमध्ये, म्हणजे हवी तेव्हाच चालू करायच्या पर्यायी रूपांत, ठेवा. एका शब्दाला एकच शेपटी. दोन झाल्या की लग्नपत्रिका होते.

छपाईचं गणित करूनच किमान आकार ठरवा. २६ एककांची रेघ ३६ पॉइंटला ०.३३ मिलिमीटर होते, २४ पॉइंटला ०.२२. ऑफसेटला दोन्ही निभतात, स्क्रीन प्रिंटिंगला ३६ च्या खाली जाऊ नका. फ्लेक्ससाठी फाइल ७२ डीपीआयला दिली तर एक पिक्सेल ०.३५ मिलिमीटरचा असतो. फाइल व्हेक्टरच द्या. पडद्यावर ४० पिक्सेलला रेघ जेमतेम एक पिक्सेलची होते, त्याखाली करडी पडते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी रेघ हवी असेल तर शाई दोन्हीकडून आत पसरते, तेव्हा रेघ ३० ते ३१ एककांची करून वेगळी आवृत्ती काढा. त्या आवृत्तीत वरचं चढीचं गणितही बदलतं: ६२ ऐवजी ७२. प्लॉटरवर व्हिनाइल कापायचं असेल तर ५० मिलिमीटर एमच्या अक्षरात रेघ फक्त १.३ मिलिमीटरची असते आणि जादा व्हिनाइल सोलताना ती उचलून येते. १५० मिलिमीटरच्या पुढे काम सुरळीत होतं.

झुकलेल्या अक्षरात शेवटची वेलांटी किंवा रफार मजकुराच्या चौकटीबाहेर उजवीकडे जातो आणि पहिल्या अक्षराचा उकार डावीकडे. ९०० उंचीवरचं टोक १०१ एकक सरकलेलं असतं. काही सॉफ्टवेअर तेवढा भाग कापून टाकतात. फॉन्टची विन-ॲसेंट आणि विन-डिसेंट (वरची आणि खालची हद्द सांगणारी) मापं सर्वांत उंच आणि सर्वांत खोल तुकड्यापेक्षा थोडी जास्त ठेवली की वरचं-खालचं कापणं थांबतं. बाजूचं कापणं फॉन्टमधून थांबत नाही. वापरणाऱ्याने चौकटीत दोन्हीकडे अक्षराच्या उंचीच्या दहाव्या भागाइतकी जागा सोडावी.

तपासणीसाठी एका कागदावर हे शब्द ७२ आणि ३६ पॉइंटला छापा: गाणी, आधार, अभंग, महाराष्ट्र, क्षितिज, ज्ञान, ऊर्मी, कुऱ्हाड, शुल्क, ऑक्टोबर, छत्री, ब्रह्म. कागद दोन मीटरवर भिंतीला लावा आणि डोळे किलकिले करून बघा. जिथे काळा ठिपका दिसेल तिथे पोकळी कमी पडली आहे. जिथे शब्दाला भोक पडल्यासारखं दिसेल तिथे बहुतेक वेळा एखादी उतरती तिरपी रेघ झुकवल्यानंतर दुरुस्त करायची राहून गेलेली असते.